पाचव्या खाचेवरचा सूर्य

१

दार उघडल्यावर मला आधी दिसला तो बुटाचा तळवा. तपकिरी बूट, टाचेकडून झिजलेला. तो बूट मी रोज सकाळी आमच्या घराच्या दाराशी बघायचे आणि रोज मनात म्हणायचे, बाबांना आता नवीन जोड घ्यायला हवा.

बाबा म्हणजे माझे सासरे. घरी बाबा, कामावर सर. चंद्राच्या दक्षिण ध्रुवावर आमची जी यंत्रगाडी जायची आहे, त्या मोहिमेचे ते प्रमुख. मी त्या गाडीची चालक. एकाच घरातून दोघं एकाच डब्यात जेवण घेऊन येतो म्हणून लोक पाठीमागे काय काय बोलायचे ते मला ठाऊक होतं, पण ते आता राहू दे.

ज्या दालनात ते पडले होते त्याला आम्ही अंगण म्हणतो. काळ्या रंगवलेल्या भिंती, जमिनीवर घोटाभर दगडाची राखाडी भुकटी, मधेमधे धोंडे. एका टोकाला रुळावर बसवलेला एकच प्रखर दिवा, हा आमचा सूर्य. चंद्राच्या ध्रुवावर सूर्य डोक्यावर येतच नाही, क्षितिजाला धरून फिरत राहतो. म्हणून दिवाही गुडघ्याएवढ्या उंचीवर, आणि सावल्या लांबच लांब.

सगळ्यात मोठ्या धोंड्याला आम्ही भोपळा म्हणतो. बाबा त्याच्या पायथ्याशी उताणे पडले होते. भोपळ्याच्या कडेला रक्त लागलं होतं. आणि त्यांच्या डाव्या नडगीवर घोरपडीचं पुढचं चाक चढलेलं होतं. घोरपड म्हणजे आमची यंत्रगाडी. सहा चाकं, दोन माणसांचं वजन, चढाला चिकटून राहते म्हणून हे नाव. तिचा डोळा मिटलेला होता. चाचणी संपली की कॅमेऱ्यावर एक झाकण येतं, त्याला पापणी म्हणतात.

भुकटी सकाळीच दाताळ्याने सारखी केलेली होती. तिच्यावर दारापासून भोपळ्यापर्यंत बाबांची पावलं होती. घोरपडीच्या चाकांचे पट्टे होते. तिसरं काहीही नव्हतं.

उपप्रमुख माझ्या मागे उभे होते. त्यांनी पावलं पाहिली, पट्टे पाहिले, मग माझ्याकडे पाहिलं.

घोरपड सकाळपासून मी चालवत होते.

२

बाबांचा श्वास चालू होता. त्यांना रुग्णालयात नेलं आणि मला एका खोलीत बसवलं. कोणी दाराला कडी घातली नाही, पण दाराबाहेर एक खुर्ची आणून ठेवली आणि तिच्यावर पहारेकरी बसला. माझ्या तोंडचं पाणी पळालं.

घाबरायला कारण होतं. आदल्या दिवशी मी अंगणातला हाच मार्ग घोरपडीकडून पहिल्यांदा नीट पार करून घेतला होता. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बाबांनी नाही. "एकदा जमलं म्हणजे जमलं असं होत नाही," ते म्हणाले, "उद्या परत. तोच मार्ग, तेच टप्पे." मी दोन महिने त्या मार्गावर डोळे फोडले होते. माझा तोल गेला. पंधरा माणसांसमोर मी म्हणाले, "मग उद्या तुम्हीच उभे राहा घोरपडीसमोर!"

हे वाक्य आता इमारतीतल्या प्रत्येक खोलीत पोचलं असणार.

संध्याकाळी पाचला पोलिसांत कळवायचं ठरलं होतं. त्याआधी संस्थेने स्वतःची चौकशी करायला एका बाईंना बोलावलं. त्या आल्या तेव्हा दीड वाजला होता. ठेंगण्या, पांढरे केस, खांद्याला कापडी पिशवी, पायात आवाज न करणारे बूट. तीस वर्षं त्यांनी लिफ्टचे अपघात तपासले होते. पहारेकऱ्याने त्यांचं नाव लगेच लिफ्टवाल्या बाई ठेवलं.

"मला चंद्रातलं काही कळत नाही," त्या बसता बसता म्हणाल्या. "मला समजेल असं सांगा. तुम्ही गाडी चालवता म्हणजे काय करता?"

मी सांगितलं. घोरपड अंगणात, मी दोन भिंतींपलीकडे बिनखिडकीच्या खोलीत. समोर पडदा. तिच्या डोळ्याला जे दिसतं ते मला दिसतं, पण तीन सेकंद उशिरा. चंद्रापर्यंत संदेश जायला-यायला तेवढा वेळ लागतो, म्हणून आम्ही मुद्दाम मधे एक यंत्र ठेवलं आहे. ते चित्र तीन सेकंद धरून ठेवतं आणि मग सोडतं.

"म्हणजे तुम्हाला दिसतं तेव्हा ते होऊन गेलेलं असतं?"

"हो. म्हणून एक टप्पा पुढे जायचं, थांबायचं, बघायचं, मग पुढचा टप्पा."

"आणि सर समोर दिसले नाहीत?"

"नाही. शपथेवर सांगते. समोर फक्त भोपळा होता. चित्र अगदी स्वच्छ होतं."

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. चेहऱ्यावर काहीच नव्हतं.

"अंगण काळोखं आहे," त्या म्हणाल्या, "आणि बाहेरच्या व्हरांड्यात भरपूर उजेड. सर दार उघडून आत गेले. तो उजेड भुकटीवर पडला असणार. तो तरी दिसला असेल ना?"

उजेड दिसला नव्हता. आणि मी तसं म्हणाले तर कोण विश्वास ठेवणार होतं?

३

बाईंनी मला त्या खोलीतून हलवलं नाही. बाकीच्यांना तिथेच बोलावलं. "समोरासमोर बसलेलं बरं असतं," म्हणाल्या. माझ्या मते त्यांना माझा चेहरा वाचायचा होता.

पहिले उपप्रमुख. हे गृहस्थ नेहमी नुकतेच इस्त्री होऊन आल्यासारखे दिसतात. "मला फार वाईट वाटतं," ते म्हणाले, "पण तिने काल काय म्हटलं ते सगळ्यांनी ऐकलंय. रागाच्या भरात माणसाच्या हातून होतं."

"सर उठले नाहीत तर प्रमुख कोण होणार?" बाईंनी विचारलं.

"मी. पण मी सकाळभर पाहुण्यांबरोबर होतो. दहा माणसं साक्षीला आहेत."

दुसरा आला दिवेवाला. त्याला आम्ही सूर्यनारायण म्हणतो. पृथ्वीवरचा एक दिवस गेला की अंगणातला सूर्य रुळावरून एक खाच पुढे सरकवायचा, हे त्याचं काम. बिचारा आधीच भित्रा, त्या दिवशी तर त्याची बोबडी वळायची बाकी होती.

"दिवा सकाळी सरकवला होतात?"

"हो बाई. काल चौथ्या खाचेवर होता, आज पाचव्या. सरांनी स्वतः बघितलं. ते दर चाचणीआधी बघतात आणि फळ्यावर खडूने आकडा लिहून सही करतात. बघा हवं तर, फळा तिथेच आहे."

"सर चाचणी कुठून बघतात?"

"अंगणाच्या भिंतीला जाड काच आहे. तिथे उभे राहतात. आज मी पण जवळच होतो. सर म्हणाले, डोळा चमकत नाहीये. मला वाटलं ते माझ्या डोळ्याबद्दल बोलतायत, मला सर्दी झालीय. मी रुमाल काढला. तेवढ्यात ते निघून गेले."

बाईंनी ते वहीत लिहून घेतलं. मला त्यात लिहिण्यासारखं काय होतं ते कळलं नाही.

तिसरे उशीरराव. तीन सेकंदांचं ते यंत्र सांभाळतात म्हणून हे नाव. नाहीतर आयुष्यात एक मिनिट उशिरा आलेला माणूस नाही. घोरपडीची पापणीही त्यांचीच. भुकटी भिंगावर बसते आणि यंत्र आंधळं होतं, ही चंद्रावरची मोठी अडचण. त्यावर त्यांनी चार वर्षं खपून ही पापणी केली. उघडताना-मिटताना तिच्या आतली मऊ पट्टी भिंग पुसते. माझ्या लग्नात या माणसाने जेवणाच्या टेबलावर चमच्याने मला पापणी समजावून सांगितली होती.

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "घाबरू नकोस, पोरी."

"चित्र कसं होतं?" बाईंनी विचारलं.

"स्वच्छ. सुरुवातीपासून शेवटपर्यंत."

"उजेड आला मधेच? दारातून?"

ते क्षणभर थांबले. "नाही. माझ्या तरी लक्षात आलं नाही."

मला रडू फुटलं. निदान एक माणूस माझ्यासारखंच सांगत होता.

बाईंनी पिशवीतून रुमालात गुंडाळलेली एक वस्तू काढून टेबलावर ठेवली. दोन बोटं रुंदीचा मऊ कुंचला, भिंग पुसायचा. "हा सरांच्या मुठीत होता. रुग्णालयातून पाठवलाय. आत जाताना त्यांनी कुंचला का घेतला असेल?"

उशीररावांनी कुंचल्याकडे पाहिलं आणि खुर्ची मागे सारली. "मला काय माहीत," ते म्हणाले आणि निघून गेले.

४

तीन वाजता नवऱ्याचा फोन आला. तो दातांचा डॉक्टर आहे, त्याचा आवाज कधी चढत नाही. आताही चढला नाही.

"डोक्याला सूज आहे. शुद्धीवर येतील की नाही सांगता येत नाही म्हणतात."

"मी येऊ?"

पलीकडे दार लोटल्याचा आवाज आला.

"तुला खरंच दिसले नव्हते ना गं ते?"

मी नाही म्हणाले. तो "बरं" म्हणाला आणि फोन ठेवला. त्या "बरं"चा अर्थ लावत मी भिंतीकडे बघत बसले. बाबा गेले तर काय, आणि ते माझ्या हातून गेले तर या माणसाच्या समोर मी जन्मभर कशी बसणार, एवढाच विचार फिरून फिरून डोक्यात येत होता. तुरुंगाची भीती त्यामानाने लहान होती.

बाईंनी फोन संपायची वाट पाहिली. "तुमची चालकाची वही द्या."

ती वही म्हणजे माझी सवय. प्रत्येक थांब्यावर मी समोरच्या सावल्या पेन्सिलीने पातळ कागदावर काढते. चंद्रावर उंचसखल कळतं ते सावलीवरूनच. पडद्यावर बघून विसरायला होतं, हाताने काढलं की लक्षात राहतं. भोपळ्यापाशी तर मी चांगली पाच मिनिटं थांबून काढत होते, कारण ते वळण सगळ्यात अवघड. पेन्सिल मोडली म्हणून टोकही केलं.

बाईंनी कालचं भोपळ्याचं पान आणि आजचं पान वहीतून सोडवलं. खिडकीपाशी जाऊन दोन्ही एकावर एक ठेवून काचेला लावली. दुपारचं ऊन कागदातून आरपार येत होतं.

भोपळ्यावर भोपळा बसला. सावलीवर सावली बसली. सावलीचं टोकसुद्धा भुकटीत मापासाठी रोवलेल्या त्याच पांढऱ्या खुंटीशी.

"तुम्ही आज काहीच बघितलं नाहीत," बाई शांतपणे म्हणाल्या. "कालचं चित्र उतरवून काढलंत. गाडी न बघता चालवलीत."

"नाही हो! मी बघूनच काढलंय!"

"मग सावली हलली कशी नाही?"

सूर्य चौथ्या खाचेवरून पाचव्या खाचेवर गेला होता. सावली खुंटीच्या पलीकडे निदान हातभर तरी जायला हवी होती. ती गेली नव्हती. आणि हे बाईंनी सांगेपर्यंत मला, सावल्यांवर पोट भरणाऱ्या बाईला, दिसलंही नव्हतं. तोच मार्ग, तेच टप्पे, तोच भोपळा. काल जे पाहिलं तेच दिसणार असं धरूनच मी बसले होते.

"मी खोटं बोलत नाहीये," मी म्हणाले.

"कागद पण खोटं बोलत नाहीये," बाई म्हणाल्या. "उठा. अंगणात जाऊ. त्या तिघांनाही बोलवा."

घड्याळात चार वाजून दहा मिनिटं झाली होती.

५

अंगणाच्या दाराशी बाईंनी आधी फळा दाखवला. पाच, आणि खाली बाबांची वाकडी सही.

"ही सही सरांनी चाचणीआधी केली. नंतर ते करूच शकले नसते. म्हणजे दिवा चाचणी सुरू होण्याआधीच पाचव्या खाचेवर होता. सूर्यनारायण खरं बोलतोय."

सूर्यनारायणाने सुस्कारा सोडला.

"चालकबाईंच्या वहीत मात्र चौथ्या खाचेची सावली आहे. मला वाटलं, त्यांनी नक्कल केली. पण नक्कल करणारा माणूस पाच मिनिटं थांबत नाही, पेन्सिलीला टोक करत नाही. झरझर उतरवून मोकळा होतो. त्यांच्या खोलीत टोकाचा कचरा आहे आणि घोरपड पाच मिनिटं जागची हलली नाही, हे यंत्रातल्या नोंदीत आहे. त्यांनी बघूनच काढलं. त्यांना दिसलंच कालचं."

बाईंनी दार उघडलं आणि आम्हाला घोरपडीपाशी नेलं.

"तोच मार्ग, तेच टप्पे. टप्प्यागणिक कालचं एकेक चित्र पाठवलं तर पडद्यापुढच्या माणसाला कसं कळणार? कालच्या चित्रात दार उघडत नाही, कुणी आत येत नाही. चित्र तीन सेकंद धरून ठेवणारं यंत्र एक दिवसही धरून ठेवू शकतं. लिफ्टमध्ये मी एकदा असंच पाहिलं होतं. आकडा तिसरा मजला दाखवत होता, लिफ्ट पाचव्यावर होती. आत पाय टाकणारा आकड्यावर विसंबला."

उपप्रमुखांनी उशीररावांकडे पाहिलं. उशीरराव घोरपडीकडे बघत होते.

"आता सर आत का गेले ते सांगते," बाई म्हणाल्या. "काचेतून त्यांना दिसलं की डोळा चमकत नाही. म्हणजे भिंगावर भुकटी आहे. आणि घोरपड थांबलेली आहे. इथला नियम काय आहे? चालकबाई, तुम्ही सांगा."

"दिसेनासं झालं की थांबायचं. तिथे चाचणी संपली."

"आणि चाचणी चालू असताना चालकाशी कोणी बोलायचं नाही, हाही सरांचाच नियम. चंद्रावर कोण फोन करणार? म्हणून त्यांनी फोन केला नाही. गाडी पाच मिनिटं हलली नाही, त्यांना वाटलं, ती आंधळी झाली म्हणून थांबली. चाचणी संपली. ते कुंचला घेऊन गेले आणि डोळ्यासमोर बसले. आणि तिकडे पेन्सिलीला टोक करून झालं होतं."

मी पुढचा टप्पा दिला होता. घोरपडीचा पुढे आलेला यांत्रिक हात त्यांच्या छातीला लागला असणार, ते मागे भोपळ्यावर आदळले असणार. आणि त्यानंतर मी आणखी एक टप्पा दिला होता, तेव्हा कुठे चाक अडल्याची नोंद आली आणि मी चाचणी थांबवली.

"भिंग बघायला हवं," बाई पुढे झाल्या.

"हात लावू नका!" उशीरराव ओरडले. "पुरावा आहे तो."

"म्हणूनच," बाई म्हणाल्या आणि बोटाने पापणी वर उचलली.

भिंग भुकटीने पांढरं झालं होतं. मधोमध एकच स्वच्छ पट्टा होता, दोन बोटं रुंद. कुंचला एकदाच फिरला होता. पापणीच्या आतली मऊ पट्टी एका टोकाने सुटून लोंबत होती.

उशीरराव खाली भुकटीतच बसले.

"पहिल्या टप्प्यालाच पट्टी सुटली," ते म्हणाले. "माझ्याकडे सगळं पांढरं. उद्या परीक्षक येणार होते. पापणी नापास झाली असती तर मोहीमच पुढे ढकलली असती. चार वर्षं... मला वाटलं, कालचं दाखवू, संध्याकाळी पट्टी बदलू, कुणाला कळणार नाही. मला खरंच काही दिसत नव्हतं हो. ते आत आले तेव्हा पांढऱ्याचं जरा जास्त पांढरं झालं, एवढंच."

"तो दारातला उजेड होता," बाई म्हणाल्या. "आणि मग ते पडलेले दिसल्यावर?"

"मग भीती वाटली."

"त्या भीतीपायी हिला पुढे केलंत?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. "तिच्याकडे बघून तिने हे मुद्दाम केलं असं कुणी म्हणणार नाही, असं मला वाटलं होतं," ते पुटपुटले. "सुटेल ती, असं वाटलं होतं."

मला त्यांचा संताप यायला हवा होता. आला, पण दोन दिवसांनी. त्या वेळी मला एवढंच दिसत होतं की हा माणूसही माझ्यासारखाच घाबरलाय.

६

बाबा तिसऱ्या दिवशी सकाळी शुद्धीवर आले. नवऱ्याला मी सगळं सांगितलं होतं, त्याने ऐकलंही होतं, पण आमच्यातलं अंतर अजून मिटलं नव्हतं. तो पलंगाच्या एका बाजूला, मी दुसऱ्या बाजूला. पाय प्लॅस्टरमध्ये, डोक्याला पट्टी, आणि तरी बाबांनी पहिली चौकशी केली ती चष्म्याची.

"बाबा," नवरा म्हणाला, "तुम्ही आत गेलातच कशाला? दाराबाहेरचा चाचणीचा लाल दिवा चालू होता. चालू गाडीसमोर कोणी बसतं का?"

बाबांनी त्याच्याकडे पाहिलं. जीभ अजून जड होती. त्यांना तो प्रश्नच विचित्र वाटला असावा.

"ती थांबली होती ना," ते म्हणाले. "दिसत नसताना ती कशी चालवेल?"

एवढं बोलून त्यांनी डोळे मिटले. नवरा उठला, पलंगाला वळसा घालून माझ्या बाजूला आला आणि त्याने माझा हात हातात घेतला. तीन दिवसांत पहिल्यांदा.

मी सुटले होते. मला हायसं वाटायला हवं होतं. पण खरं सांगते, त्या तीन दिवसांत मला जेवढी भीती वाटली नव्हती तेवढी तेव्हा वाटली. एक माणूस दोन माणसांच्या वजनाच्या यंत्रासमोर पाठ वाकवून बसला होता, केवळ पलीकडे मी आहे म्हणून. आणि मी काल जे दिसलं त्यावर विसंबून पुढचा टप्पा दिला होता.

पुढच्या महिन्यात मी पुन्हा त्या खोलीत बसले. पडद्यावर चित्र आलं. भोपळा, खुंटी, सावली. मी अंगणात निरोप पाठवला, कुणीतरी डोळ्यासमोर हात हलवा. मी मोजलं, एक, दोन, तीन. सूर्यनारायणाचा हात आला, मागे त्याचा रुमालही आला. मग मी सावली काढली आणि पहिला टप्पा दिला.

चंद्रावर हात हलवायला कोणी नसेल. त्यासाठी काय करायचं ते आम्ही अजून ठरवतोय. बाबा कुबड्या टेकत रोज विचारायला येतात.